घरी केलेला बुटका-रुंद बोर्ड छोट्या लाटेत पळतोय भन्नाट, पण वळत नाही. काय करू?

लातूरकर_लाटेवर

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, हसायचं असंल तर हसून घ्या. ज्या गावाला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या लातूरचा मी, आणि माझ्या डोक्यात सर्फबोर्ड बनवायचं खूळ शिरलंय.

धंदा फायबरचा. दरवाजे, टेम्पोचे टप, गणपतीच्या आधी मूर्तीचे साचे. दोन वर्षांखाली गोव्यात आश्वेला तीन दिवसांचा क्लास केला, तिथला शिकाऊ बोर्ड नऊ फुटी, मऊ, बेस्टच, पण नऊ फुटी बोर्ड घेऊन लातूरहून सोलापूर, विजापूर, बेळगाव, चोर्ला घाट करायचा म्हणजे गाडीवर पाळणा बांधल्यासारखं होतं. म्हणून वाचत वाचत मिनी सिमन्स नावाच्या आखूड बोर्डापर्यंत आलो. बॉब सिमन्स म्हणून कॅलिफोर्नियातला माणूस, १९४० च्या दशकात वेगानं पळणाऱ्या बोटींच्या बुडाचं गणित त्यानं बोर्डाला लावलं, १९५४ ला सर्फिंग करतानाच गेला बिचारा. त्याच विचाराचा आखूड अवतार सान दिएगोकडच्या लोकांनी २००६ च्या आसपास काढला. बुटका, रुंद, बूड जवळपास सपाट, मागं टेल म्हणजे शेपटाचं टोक चौकोनी आणि बुडाला दोनच फिन, म्हणजे माशाच्या परासारख्या उभ्या पट्ट्या. छोट्या लाटेसाठी एक नंबर म्हणतात.

तर माझा असा: लांबी साडेपाच फूट, रुंदी साडेबावीस इंच, जाडी अडीच इंच, आकारमान अंदाजे ३८ लिटर. माझं वजन ७४. आत थर्माकोल, वर २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम) विणलेलं फायबरचं कापड आणि इपॉक्सी रेझिन. (पहिल्या बोर्डाला दुकानातलंच पॉलिस्टर रेझिन मारलं होतं. डोळ्यादेखत थर्माकोल वितळून खड्डा पडला, बायको म्हणाली चांगला टब झालाय, भांडे घासायला ठेवा.)

दिवाळीत नेला. लाटा गुडघ्याएवढ्या, फार तर मांडीपर्यंत. लाट पकडायला काही त्रासच नाही हो, दोन हात मारले की निघतोय, ज्या लाटेत बाकीचे नुसते बसून होते त्यात मी सरळ वाळूपर्यंत आलो. पण वळवायला गेलो की मागचा भाग सर्रकन घसरतो आणि मी पाण्यात. वीसेक वेळा तरी झालं असंल. फिन प्लायच्या, चार इंच खोल, रेलपासून, म्हणजे बोर्डाच्या बाजूच्या कडेपासून, साडेतीन इंच आत बसवल्यात. फिन मोठ्या करू का तिसरी बसवू का बोर्डच नवा करू? अजून एक, दोनदा नोज (पुढचं टोक) पाण्यात घुसून उलटा पडलो.

बीडचा_बाप्पा

आमच्याकडं नळाला आठ दिवसांनी पाणी येतंय आन् ह्याला लाट कमी पडायली. चालू द्या मालक 😀

परभणी_सुतारकाम

दादा तुमचं तरी पळतंय. मी आलाया केला होता. आलाया म्हणजे हवाईच्या लोकांची जुनी पातळ फळी, फिनच नसते तिला, कोआ नाहीतर विलायती फणसाच्या लाकडाची करायचे. मधे शंभरेक वर्षं जवळपास विसरल्यातच जमा होती, मग टॉम वेगेनर म्हणून एक जण आहे ऑस्ट्रेलियात, त्यानं पॉलोनियाच्या लाकडात पुन्हा करायला घेतली आणि जगभर लोक करू लागले.

आता मला पॉलोनिया कोण देणार परभणीत. मी घेतला १८ एमएम वॉटरप्रूफ प्लाय. सहा फूट बाय सोळा इंच, कोपरे गोल. झाल्यावर हिशोब केला, आधी करायला पाहिजे होता तो. फळी पूर्ण बुडाली तर तेरा लिटर पाणी बाजूला सारते, फळीचंच वजन साडेआठ किलो. म्हणजे मला तरंगवायला उरले साडेचार किलो आणि मी ८१ चा. पॉलोनिया प्लायच्या निम्म्याहून हलका असतो, तरी त्या फळीवर पालथं पडून हातानं वल्हवणं म्हणजे अर्धं पोहणंच, हे नंतर कळालं. मी तर छातीपर्यंत पाण्यात बुडालेला, खाली फळी आहे हे फक्त मलाच माहीत.

उभं राहायचं सोडून दिलं. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहायचो, लाट फुटली की फळी पोटाखाली घेऊन उडी. त्यात जी मजा आली ती सांगता येत नाही. ती फळी आता आमच्या आईनं पापड वाळवायला घेतलीय, परत मागायची हिंमत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, पण तिसरी फिन नका बसवू एवढं वाटतं. फिन नसताना काय होतं ते मी भोगलंय, तुमचं दुखणं वेगळं दिसतंय.

नांदेडची_सध्या_चेन्नई

लातूरकर दादा, बोर्ड नवा करू नका. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं फरक पडला ते कधीच कळणार नाही.

मी कोवलमला (चेन्नईजवळचं, केरळचं नाही) चार वर्षं जातेय, मैत्रिणीचा असाच बुटका बोर्ड आहे. तुम्हाला शेतातलं उदाहरण देते. औताचा फाळ जमिनीत नीट घुसला नाही तर औत उड्या मारतं ना, तसं आहे. टेल रुंद आहे. तुम्ही वळायला एका बाजूला झुकलात की दुसऱ्या बाजूची फिन पाण्याबाहेर येते, उरली एकच. आणि ती एक तुम्ही साडेतीन इंच आत बसवलीय, म्हणजे ती पण अर्धीच पाण्यात. धरणार कशाच्या जोरावर? फिन रेलच्या जवळ घ्या, दीड इंचाच्या आसपास, आणि खोलीपेक्षा बुडाशी लांब करा. कील फिन म्हणतात त्याला. सान दिएगोच्याच स्टीव्ह लिसनं १९६७ च्या सुमारास गुडघ्यावर बसून चालवायला जो फिश बोर्ड केला त्यावर अशा दोन लांब बुडाच्या फिन होत्या. खोल नसतात फार, पण लांबीमुळे पाणी धरून ठेवतात.

पण त्याच्याही आधी, फुकटातलं. मागचा पाय कुठं ठेवता? नऊ फुटीवर शिकलेला माणूस मधोमध उभा राहतो. मधोमध उभं राहिलं की सपाट बूड सरळ पळतं, वळत नाही, आणि जबरदस्ती केली की मागनं सुटतं. मागचा पाय फिनच्या बरोबर वर पाहिजे. हे आधी करून बघा, फिन तोडायच्या आधी.

नोज घुसतं ते बुडाला वाक नाही म्हणून. फुटायला आलेल्या उभ्या लाटेत सरळ खाली जाऊ नका, तिरकं निघा. भरतीला काठाजवळच धपकन फुटणाऱ्या लाटा ह्या बोर्डाला नकोतच. आणि पावसाळ्यात तो बोर्ड माळ्यावर ठेवायचा, जून ते सप्टेंबर कोकण-गोव्याचा समुद्र आपल्यासारख्यांसाठी नाही.

लातूरकर_लाटेवर

ताई अगदी मधोमधच उभा राहतो! कुणी सांगितलंच नाही, मी आपला फिनला दोष देत बसलो. आता एकच विचारतो, रेल मी सगळीकडं गोल गुळगुळीत केलीय, पार मागपर्यंत, हाताला छान लागती म्हणून. ती चालतीय का?

नांदेडची_सध्या_चेन्नई

पुढं चालते. मागच्या फूट-दीड फुटात खालची कड धारदार पाहिजे. गोल असली की पाणी कडेवरून वर वळसा घेऊन चिकटतं, सुटत नाही. मास्किंग टेपची उभी भिंत करून रेझिनची कड भरा, वाळल्यावर घासा, तुमच्या हातचं काम आहे ते. पण पुन्हा सांगते, एका वेळी एकच.

जालना_फायबर

नमस्कार, मी पण ह्याच धंद्यातला. बोर्डाचा रंग काय आहे हो? गडद असंल तर आधी पांढरा करा. आपल्याकडचं ऊन काय सांगावं, एप्रिलमध्ये बंद गाडीत हात ठेवता येत नाही. थर्माकोल गरम झालं की आतली हवा फुगते, वरचं कापड सुटून फोड येतात. सर्फबोर्ड बहुतेक पांढरे का असतात हे मला पण असंच एक टप फुगल्यावर कळालं. आणि कुठं टिचला तर लगेच बुजवा, थर्माकोलच्या दाण्यांच्या फटींत पाणी शिरलं की निघता निघत नाही.

लातूरकर_लाटेवर

जालनेकर साहेब, गडद निळा आहे 😐 वरून काळी ताडपत्री झाकून नेला होता. उजव्या बाजूला रुपयाएवढा फोड आहे, मी त्याला डिझाइन समजत होतो.

लातूरकर_लाटेवर (दीड महिन्यानं)

झालं ते सांगतो. वेळ अमावस्येला शेतात भज्जी-आंबील खाऊन तिथनंच निघालो. पोट जड, त्याचा पण हिशोब धरा. बोर्ड पांढरा केलाय, फिनला हात लावला नाही, कड भरली नाही, ताईंनी सांगितल्यासारखं फक्त पाय बदलला.

लाटा आणखीच बारीक, गुडघ्याच्या खाली. पहिल्या दिवशी पाय मागं घेतला की बोर्ड थांबायचाच, मागनं बुडायचा, नुसता वैताग. दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला लक्षात आलं की आधी मधोमध राहून वेग घ्यायचा आणि वळायच्या वेळीच पाय मागं सरकवायचा. डावीकडं तीन वेळा वळलो. तीन! तिसऱ्या वेळी तर लाटेच्या पुढून आडवा दहा-बारा पावलं गेलो असंल. उजवीकडं अजून घसरतोच, म्हणजे लाटेकडं पाठ असताना. तिकडं फिनचाच प्रॉब्लेम दिसतोय, आता त्या काढून दीड इंचावर घेतो, लांब बुडाच्या कापायला घेतल्यात. नोज एकदाच घुसलं, ते पण माझ्याच घाईनं.

फेब्रुवारीत परत जायलोय. गाडीत एक जागा आहे. परभणीकर, आईकडनं फळी सोडवून आणता का?

परभणी_सुतारकाम

उन्हाळ्याचे पापड झाल्याशिवाय मिळत नाही म्हणाली. मी तसाच येतो.