घरी येऊन बसलेल्या सेल्समनला अकरा हजार देऊन बसले. तयार गॅरेजबद्दल सल्ला हवा आहे

धायरीची_ताई

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, आठ दिवस डोक्यात हेच घोळतंय.

आमचं धायरीत रो-हाउस आहे, ओळीतलं शेवटचं. त्यामुळे एका बाजूला दहा फूट मोकळी जागा आहे. खाली शहाबादी फरशी, तिथेच वॅगनआर उभी असते. शेजारच्या जांभळाची मोठी फांदी बरोबर गाडीवर येते. हंगामात रोज सकाळी बॉनेटवर सडा. रस उन्हात वाळला की शाम्पूने घासूनही फिकट ठिपका राहतोच. त्यात मागच्या पावसाळ्यात घुशीने वायरिंग कुरतडलं, सात हजार गेले. म्हणून ठरवलं की तयार गॅरेज बसवून घेऊ. लोखंडी सांगाडा, रंगीत पत्रे, पुढे रोलिंग शटर.

शिवाजीनगरला एका प्रदर्शनात एका स्टॉलवर फोन नंबर लिहून दिला. कंपनीचं नाव इथे घेत नाही. दुसऱ्याच दिवशी फोन, आणि शनिवारी माणूस दारात.

अकराला आला, पावणेतीनला गेला. मापं घ्यायला वीस मिनिटं लागली, बाकी सगळा वेळ सोफ्यावर. आधी पाणी मागितलं. सासूबाईंनी चहा केला, मग पोहे. त्यांना लगेच "आई" म्हणायला लागला. आधी २,८५,००० सांगितले. मी म्हटलं, विचार करून कळवते. तर म्हणे, "विचार कशाचा करायचाय ते मला सांगा ना, मी इथेच बसलोय." मग स्पीकरवर त्याच्या साहेबांना फोन, आणि भाव २,३०,००० वर आला, पण फक्त आजच्या दिवस. सोमवारपासून स्टील महागणार म्हणे. ह्यांना ऑफिसात फोन लावते म्हटलं, तर "साहेब लाइनवर आहेत मॅडम, त्यांना थांबवू नका." शेवटी सासूबाईंकडे वळून म्हणाला, "आई, तुम्हीच सांगा आता ताईंना." त्या बिचाऱ्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी अकरा हजार जीपे केले. गॅरेज पसंत पडलं म्हणून नाही, तो उठावा म्हणून.

पावतीवर नुसतं "बुकिंग" लिहिलंय. पाइप किती जाडीचा, पत्रा कुठला, काही नाही. संध्याकाळी कळलं की १८ टक्के जीएसटी वेगळा, म्हणजे २,७१,४००. आता उरलेले भरा म्हणून दिवसाला सात-आठ फोन येतात. हे अकरा हजार परत मिळतील का? नटबोल्टचं आहे म्हणून परवानगी लागत नाही, असं तो छातीठोक सांगत होता. ते खरं आहे का?

जुना_विक्रेता

ताई, मी तीन वर्षं घरोघरी वॉटर प्युरिफायर विकलेत, म्हणून मनापासून लिहितो. यात तुमची चूक नाही. घरात गेल्यावर आधी पाणी मागायचं, हे आम्हाला शिकवलेलं असायचं. पाणी दिलं की समोरचा माणूस गिऱ्हाईक राहत नाही, यजमान होतो, आणि आपल्याकडे पाहुण्याला ऊठ म्हणत नाहीत. स्पीकरवरचा साहेब म्हणजे ऑफिसात शेजारच्या खुर्चीवर बसणारा पोरगा असायचा. कमी केलेला भाव आधीच ठरलेला. आज घ्या नाहीतर भाव वाढेल, हे मी तिन्ही वर्षं रोज म्हटलंय.

त्या काळात एका आजींसमोर मला काही करता आलं नाही. त्या उभ्या राहिल्या, दार उघडलं आणि म्हणाल्या, "कोटेशन ठेवून जा बाळा, आम्ही आठ दिवसांनी ठरवतो." आवाज चढवला नाही, कारणही दिलं नाही. कारण दिलं की त्यावर आमच्याकडे उत्तर तयार असायचं. यापुढे कोणी मापं घ्यायला आलं तर गेटपाशीच उरकून घ्या.

भोसरी_वर्कशॉप

आमचं फॅब्रिकेशनचं काम आहे. भाव बरोबर की चूक हे असं सांगता येणार नाही, कारण लोखंडाचा हिशेब किलोवर होतो आणि त्याने वजन दिलेलंच नाही. दोन बाय दोन इंची चौकोनी पाइप २ मिमीचा असेल तर सहा मीटरची एक लांबी साधारण साडेसतरा किलो भरते. तोच १.२ मिमीचा असेल तर अकराच किलो. रंग मारल्यावर बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. माल उतरेल तेव्हा एक लांबी काट्यावर ठेवायची, हे कोटेशनवर लिहून घ्या. पत्र्याचंही तसंच. ०.५० मिमी म्हणतात ते कोटिंग धरून की नुसतं स्टील, ते विचारा.

मला खरी काळजी तुमच्या शहाबादीची वाटते. खांब कसा धरणार म्हणाला? फरशीत फास्टनर (भोक पाडून ठोकायचा बोल्ट) मारतो म्हणाला असेल तर साफ नाही म्हणा. शहाबादी थरांची असते, ड्रिल मारलं की पापुद्रे सुटतात, आणि खाली तर मुरूमच. वाऱ्याच्या भारासाठी आयएस ८७५ हे भारतीय मानक आहे, त्यात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. वळवाचा वारा पत्र्याखाली शिरला की छप्पर दाबत नाही, उचलतो. म्हणून खड्डा, काँक्रीट, अँकर बोल्ट, बेसप्लेट हवंच. आणि घूस पत्र्याने थांबत नाही, ती खालून पोखरते. शहाबादी काढून कोबा करून घ्या, शटरखाली फट ठेवू नका. पन्हळीत जांभळं साचतात, तिला जाळी लावा.

कोथरूड_ग्राहक

पावती उलटी करून बघा, मागे "परत मिळणार नाही" छापलंय का? छापलं असलं तरी घाबरू नका. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करार मोडला तरी समोरच्याला वाजवी भरपाईच घेता येते. तुमच्यासाठी आतापर्यंत नक्की काय खर्च केला, हे लेखी मागा. अजून एक पाइपही कापलेला नसणार.

आजच व्हॉट्सॲप आणि ईमेल दोन्हींवर लिहा: बुकिंग रद्द करत आहे, जाडी आणि कर मला आधी सांगितले नव्हते, रक्कम सात दिवसांत त्याच खात्यावर पाठवा. फोनवर बोलू नका. नाही दिले तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोग, तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकीलही लागत नाही. सततच्या फोनसाठी १९०९ वर तक्रार करा.

नकाशावाला

परवानगीबद्दल त्याने चुकीचं सांगितलंय. नटबोल्ट असो की वेल्डिंग, छप्पर आणि भिंती आल्या की पालिकेच्या दृष्टीने ते बांधकामच. तुमची दहा फुटांची जागा बहुधा सामासिक अंतरात, म्हणजे इमारत आणि प्लॉटची हद्द यांच्यामधल्या पट्ट्यात येते, आणि ते मोकळं ठेवायचं असतं. उद्या शेजारच्यांनी तक्रार केली तर नोटीस तुमच्या नावाने येईल, कंपनीच्या नाही. आधी मंजूर नकाशा काढून बघा.

धायरीची_ताई

सगळ्यांचे खूप आभार. जुना_विक्रेता, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला. "मी चहा केला म्हणून हे झालं," असं त्या आठ दिवस घोकत होत्या. ऐकून त्यांना बरं वाटलं.

काल दुपारी मेसेज आणि ईमेल दोन्ही पाठवले. अर्ध्या तासात त्याचा फोन आला, मी उचलला नाही. मग मेसेज आला की साहेब स्वतः घरी येऊन भेटतील. "घरी कोणी येऊ नये, उत्तर लेखी द्या," एवढंच लिहिलं. पैशांचं अजून काही नाही. सात दिवस वाट बघून १९१५ ला फोन करणार.

भोसरी_वर्कशॉप, पावतीच्या मागे त्याने पेनाने काढलेली आकृती सापडली. खांबाखाली "४ इंची फास्टनर" असंच लिहिलंय. खांबांचं पक्कं ठरेपर्यंत गाडीवर कव्हर घालतेय.

नकाशावाला, आमच्याकडे बिल्डरने दिलेल्या मंजूर नकाशाची झेरॉक्स आहे, पण तीवरचा शिक्का नीट वाचता येत नाही. पालिकेत विचारायला ती चालेल, की आधी सोसायटीकडून मूळ प्रत मागून घेऊ?