संरक्षण दलांना विकायचं तर आधी दार कुणाचं ठोठावायचं?

धागाकर्ता: आमची सहा जणांची कंपनी हातात धरायचा रेडिओ संच बनवते. दोन वर्षं निविदा वाचण्यात गेली. आता मत पक्कं झालंय: आधी वापरणाऱ्या तुकडीकडे जा, खरेदी विभागाकडे नंतर. पहिल्याच मैदानी चाचणीत एका जवानानं जाड हातमोज्याच्या बोटानं बटण दाबलं, तर शेजारची दोनही दाबली गेली. भर उन्हात स्क्रीन दिसेना. यातलं काहीच आम्ही वाचलेल्या निविदांमध्ये नव्हतं.

प्रतिसाद १: असहमत. वापरणारा एक, गरज कागदावर मांडणारा दुसरा, पैसे मंजूर करणारा तिसरा. चाचणी झकास होते, सगळे पाठ थोपटतात आणि पुढच्या अंदाजपत्रकात तुमच्या वस्तूसाठी तरतूदच नसते. अमेरिकेत याला 'मृत्यूची दरी' म्हणतात. कितीतरी चांगल्या कंपन्या तिथेच संपतात. नवख्यानं आधी मोठ्या कंत्राटदाराचं उपकंत्राट घ्यावं. मिल-एसटीडी-८१० या अमेरिकी लष्करी मानकाच्या धक्के-धूळ-तापमानाच्या चाचण्या, सुरक्षेची कागदपत्रं, हे सगळं त्यांना पाठ असतं.

प्रतिसाद २: उपकंत्राट घेतलंत की तुमचा ग्राहक तो कंत्राटदार, सैन्य नव्हे. आम्ही तीन वर्षं तेच केलं. जवानांच्या तक्रारी आमच्यापर्यंत पोचल्याच नाहीत. थेट भिडा. पॅलंटिर या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीनं २०१६ मध्ये अमेरिकी लष्कराला कोर्टात खेचलं आणि खटला जिंकला. १९९४ च्या कायद्यानुसार बाजारात तयार वस्तू मिळते का, हे लष्करानं आधी तपासायला हवं होतं.

प्रतिसाद १: वकिलांवर खर्च करायची त्यांची ऐपत होती, सहा जणांची कंपनी कोर्टात काय टिकणार? त्यापेक्षा २०१५ मध्ये पेंटागॉननं, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्यानं काढलेल्या, आज डीआययू (डिफेन्स इनोव्हेशन युनिट) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विभागाची पद्धत बघा. स्पर्धेतून निवडलेला प्रोटोटाइप यशस्वी झाला, तर नवी निविदा न काढता त्याच कंपनीला उत्पादनाची ऑर्डर देता येते. ही तरतूद चाचणीच्या करारातच लिहून घेतलेली बरी. धागाकर्ते, तुमच्या चाचणीच्या करारावर सही करण्याआधी विचारलं होतंत का?

धागाकर्ता: नाही विचारलं, आणि ही चूक आम्हाला महागात पडली. चाचणीचा अहवाल उत्तम आला, तेव्हापासून फोन बंद. तुमचा मुद्दा मान्य. पण तुकडी आधी, यावर मी ठाम आहे. हातमोज्यांसाठी बटणांतलं अंतर आम्ही दुप्पट केलंय. ते कळायला मैदानातच जावं लागलं. पुढच्या चाचणीआधी मात्र दोन प्रश्न लेखी विचारणार: पैसे कुठल्या लेखाशीर्षातून येणार, आणि चाचणी जमली तर ऑर्डरवर सही कोण करणार?