अंतराळात जाऊन आलेले पदक कसे ओळखावे?

राजेंद्रनगरकर (इंदूर):
नमस्कार. माझे थोरले काका गेल्या वर्षी वारले. त्यांच्या कपाटात मखमलीच्या पेटीत तीन पदके सापडली. पहिले अगदी लहान, चांदीचे. चंद्रमोहिमेवर नेलेल्या चांदीचा अंश त्यात असल्याचा इंग्रजी मजकूर त्यावर असून अपोलो १४चा उल्लेख आहे. दुसरे डॉलरएवढे, अपोलो ११च्या गरुडाचे, ज्यावर ना अनुक्रमांक ना टांकसाळीची खूण. तिसरे जाडजूड, पिवळसर धातूचे आणि रशियन अक्षरांचे. त्यावर १९८४ साल आहे. सराफ्यातील एका पेढीवर दाखवले तेव्हा त्यांनी पहिली दोन तराजूत टाकून मोडीचा भाव सांगितला आणि तिसरे ‘पितळ’ म्हणून बाजूला सारले. यांपैकी एखादे खरोखर अंतराळात गेले असेल का, आणि काळी पडलेली चांदी उजळून घ्यावी का?

कसोटी:
उजळून मुळीच घेऊ नये. चिंच, राख किंवा सराफाची पॉलिश यांनी काळेपणाबरोबर उठावाची धारही झिजते, आणि संग्राहक त्या धारेचेच मोल करतात.

‘अंतराळातले पदक’ या शब्दांत तीन निरनिराळ्या वस्तू सामावतात: यानातून जाऊन परत आलेले पदक, जाऊन आलेला धातू मिसळून नंतर पाडलेले पदक आणि केवळ मोहिमेच्या स्मरणार्थ पाडलेले पदक. पहिल्या प्रकारात मॅसॅच्युसेट्समधील ॲटलबरो येथील रॉबिन्स कंपनीची पदके सर्वांत मानाची समजली जातात. १९६८च्या अपोलो ७पासून अंतराळवीर ती स्वतःच्या खर्चाने घडवून सोबत नेत. बहुतेकांवर अनुक्रमांक असतो, आणि चांद्रमोहिमांच्या पदकांवर यान परतल्यावर तारखा कोरून घेतल्या जात. जी जमिनीवरच राहिली त्यांवर ती जागा सहसा कोरी दिसते. अपोलो १३ची हकीकत तर विलक्षण आहे. ऐन वेळी मॅटिंग्ली यांच्या जागी स्विगर्ट गेले, चंद्रावर उतरणेही झाले नाही, त्यामुळे मूळ नक्षी मोहिमेशी जुळेना आणि जाऊन आलेली पदके वितळवून त्याच चांदीतून नव्या नक्षीची पदके पाडावी लागली.

तुमचे लहान पदक दुसऱ्या प्रकारातील आहे. १९७१ साली अंतराळवीर एडगर मिचेल यांनी फ्रँकलिन मिंट या अमेरिकी खासगी टांकसाळीची २०० चांदीची पदके अपोलो १४मधून नेली होती. त्यांपैकी काही पुढे वितळवून साध्या चांदीत मिसळली आणि त्यातून कंपनीच्या सभासदांसाठी भरमसाट छोटी पदके पाडली. म्हणजे त्यात चंद्रमोहिमेची चांदी आहे खरी, पण पंचामृतातल्या मधाइतकी. सुटे म्हणून त्याचे मोल बेताचेच. मूळ वेष्टन आणि सोबतचा कागद असेल तर तो जिवापाड जपा.

गरुडाच्या पदकावर अनुक्रमांक नाही, तेव्हा ते तिसऱ्या प्रकारातले धरावे. अशी पदके खासगी टांकसाळींनी त्या काळी उदंड पाडली. धातू तपासायचा असेल तर कसाच्या दगडावर घासू देऊ नका. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा आणि पदक दोऱ्याने तळाला न टेकता बुडवा. आकडा जितक्या ग्रॅमने वाढेल त्याने पदकाच्या वजनाला भागा. स्टर्लिंग (९२.५ टक्के) चांदी असल्यास उत्तर १०.३ ते १०.४च्या आसपास यावे, तांबे-निकेल असल्यास ८.९च्या.

रामबागेतला:
तिसऱ्याला पितळ म्हणून हिणवू नका. सोव्हिएत टांकसाळींत टेबलावर ठेवायची अशी जड पदके बहुधा टोंबाक या तांबे-जस्ताच्या मिश्रधातूत पाडत. ३ एप्रिल १९८४ रोजी सोयूझ टी-११मधून राकेश शर्मा, मालिशेव आणि स्त्रेकालोव यांच्यासह सल्यूत ७ या सोव्हिएत अंतराळस्थानकाकडे निघाले, हे बहुधा त्याचे स्मारक असावे. कडेजवळ ‘सीसीसीपी’सारखी दिसणारी अक्षरे शोधा, ती रशियनमध्ये ‘एसएसएसआर’ अशी वाचतात. अंतराळवीराच्या सहीचा दाखला सोबत नसेल तर ते जमिनीवरच राहिले असे समजावे. भारतीय टपाल खात्याने त्याच दिवशी ३ रुपयांचे तिकीट काढले होते. मिळाले तर तेही संग्रहात ठेवावे.

मात्र मखमल आणि मऊ प्लॅस्टिक दोन्ही टाळा, दोन्हींचा धातूला त्रास होतो. आम्लरहित कागद बरा.

राजेंद्रनगरकर (इंदूर):
दोघांचेही आभार. मेव्हण्यांचा सूक्ष्म काटा आणून गरुडाचे पदक मोजले. वजन ३१.१ ग्रॅम, पाण्यात आकडा ३.० ग्रॅमने वाढला, म्हणजे चांदी ठरली. छोट्या पदकाचा कागद पेटीच्या अस्तराखाली घडी घातलेला सापडला; त्यावर काकांच्या हस्ताक्षरात कोणा मित्राने पाठवल्याची नोंद आणि १९७२ साल आहे. रशियन पदकावर ती चार अक्षरे आहेत. मोडीत काहीच घालणार नाही, हे पेढीवर कळवले आहे.