प्रगत समुपदेशन कौशल्यं हवीत? आणखी कोर्स करू नका, आधी स्वतःचं सेशन ऐका

रानभूल
समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींचा कुठलाही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा. शनिवार-रविवारचा सीबीटी कोर्स, आर्ट थेरपी, हिप्नोसिस, एनएलपी, ट्रॉमा, अशा नाना थेरपी-कोर्सांच्या लिंका पडलेल्या असतात. सर्टिफिकेटांची रांग लागते. मग समोर खरा माणूस येऊन बसतो, आणि तोंडून तीनच वाक्यं निघतात: 'हं, समजतंय मला', 'म्हणजे तुम्हाला वाईट वाटलं', 'मग तुम्ही काय केलंत?' मी प्रॅक्टिकमच्या, म्हणजे खऱ्या क्लायंटबरोबर शिकाऊ काम करणाऱ्या, विद्यार्थ्यांना सुपरव्हिजन देते, त्यांची सेशन तपासून मार्गदर्शन करते, त्यामुळे हे ऐकीव नाही.

पहिल्या वर्षी ऐकणं, प्रश्न विचारणं, सारांश करणं हे जमून जातं. दुसऱ्या वर्षी जे 'प्रगत' म्हणून येतं त्यात न बोललेल्या भावनेला शब्द देणं असतं, माणसाच्या बोलण्यातली विसंगती त्याला न दुखावता दाखवणं असतं, आत्ता या खोलीत आपल्या दोघांत काय चाललंय ते उघड बोलणं असतं. हे वर्गात मैत्रिणीबरोबर रोल प्ले करून येत नाही, कारण मैत्रीण सोयीची क्लायंट होते. दहा मिनिटांत रडते आणि पंधराव्या मिनिटाला तिला बरं वाटतं!

माझं म्हणणं असं: एक वर्ष एकही नवा कोर्स करू नका. ते पैसे आणि तो वेळ लेखी परवानगीने रेकॉर्ड केलेलं सेशन, त्याचं शब्दशः लेखन आणि सुपरव्हिजन यांत घाला. एक तुकडा देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

क्लायंट: सासूबाईंचं तसं काही नाही हो, चांगल्याच आहेत त्या. फक्त मी आईला फोन लावला की दारात येऊन उभ्या राहतात.
विद्यार्थिनी: म्हणजे तुम्हाला प्रायव्हसी मिळत नाही.
क्लायंट: हो... तसंच काहीतरी. बाकी सगळं ठीक आहे.

सेशननंतर विद्यार्थिनीच्या मते हे 'छान रिफ्लेक्शन' होतं, म्हणजे क्लायंटचं म्हणणं आपल्या शब्दांत नेमकं परत मांडणं. रेकॉर्डिंग लावलं तेव्हा तिनेच ते थांबवलं. 'चांगल्याच आहेत' म्हणताना बाईंचा आवाज खाली गेला होता आणि 'फक्त'च्या आधी त्या थांबल्या होत्या. राग आहे, पण चांगल्या माणसावर रागवायची परवानगी नाही, अशी गाठ होती ती. 'त्या चांगल्या आहेत म्हणून त्यांच्यावर चिडणंही बरोबर नाही, असं होतं का तुमचं?' असं विचारून बघता आलं असतं. चुकलं असतं तर बाई 'नाही, तसं नाही' म्हणाल्या असत्या आणि त्यातूनही काहीतरी कळलं असतं. 'प्रायव्हसी' या शब्दाने मात्र दार बंद झालं. समोरच्या माणसाकडे बघत, पुढचा प्रश्न मनात जुळवत असताना हे ऐकू येत नाही. नंतर ऐकताना येतं.

यात माझा शोध काही नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सने १९४२ च्या पुस्तकात एका क्लायंटच्या सगळ्या मुलाखती ध्वनिमुद्रणावरून शब्द न् शब्द छापल्या होत्या. २००४ मध्ये विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी १४० व्यावसायिकांवर प्रयोग केला. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगची (माणसाची बदलण्याची स्वतःची इच्छा संवादातून जागी करायची, मिलरने मांडलेली पद्धत) नुसती कार्यशाळा केलेल्यांची कमाई टिकली नाही. ज्यांना नंतर स्वतःच्या सेशनवर अभिप्राय किंवा कोचिंग मिळालं, त्यांचं कौशल्य टिकलं. आणि ती कार्यशाळा खुद्द मिलरची होती, गल्लीतल्या क्लासची नव्हे.

तालुक्याचा_माणूस
असहमत. रानभूलताई, तुमचा क्लायंट पुन्हा पुन्हा येतो, एसीच्या खोलीत बसतो आणि परवानगीच्या कागदावर सही करतो. मी एका तालुक्याच्या गावी तीन शाळा बघतो. माझी 'खोली' म्हणजे प्रयोगशाळेचा कोपरा. नववीतला पोरगा एकदाच येतो, तोही सरांनी पाठवलं म्हणून. फोन टेबलावर ठेवून 'रेकॉर्ड करू का' म्हटलं की तो तोंड उघडणार नाही. पालकांची सही मागितली तर घरी मार खाईल.

मला उपयोगी पडला तो तुम्ही हिणवताय तसलाच एक छोटा कोर्स. आरईबीटी, अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची विवेकनिष्ठ उपचारपद्धती. घटना, तिच्याकडे बघायचा दृष्टिकोन, त्यातून आलेली भावना. फळ्यावर तीन रकाने काढले की पोरगा स्वतःच सांगतो, 'म्हणजे नापास झालो म्हणून नाही, तर आता मी कुणाच्याच कामाचा नाही असं वाटतं म्हणून'. महाराष्ट्रात हे कि. मो. फडके यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून रुजवलं. त्याला शनिवार-रविवारचा बाजार म्हणू नका. एकाच भेटीत काही हाती द्यायचं तर रचना लागते. आवाज कुठे खाली गेला ते शोधत बसायला पुढचं सेशन असावं लागतं.

रानभूल
आरईबीटीला बाजार म्हटलं नाही, एका वर्षात पाच पद्धती चाटण्याला म्हटलं. तुम्ही एकच पद्धत धरून पोरांवर वापरून वापरून मुरवलीत. पण 'कुणाच्याच कामाचा नाही' हे त्या पोराच्या तोंडून आलं की तुम्ही फळ्यावर लिहून त्याच्याकडून वदवलंत, हे कसं ठरवणार? रकाने भरायची घाई सगळ्यांनाच असते.

चौथा_मजला
रुग्णालयात मनोसामाजिक काम करते. तुम्ही दोघं पद्धतीवर भांडताय, माझा आक्षेप त्याच्या आधीचा आहे. विद्यार्थ्यांना 'विसंगती दाखवा', 'न बोललेलं बोला' हे शिकवायची एवढी घाई का?

माझ्याकडे आलेले इंटर्न क्लायंटच्या बालपणात शिरायला तयार असतात. पण 'जगणं नको असं वाटतं का? काही करायचं ठरवलंय का?' हे सरळ विचारताना त्यांची जीभ अडखळते. विचारल्याने डोक्यात तसला विचार घुसेल ही भीती अजून वर्गातून गेलेली नाही. माझ्या लेखी प्रगत कौशल्य हेच: धोका ओळखणं, विचारणं, आपल्या हाताबाहेर आहे हे समजून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणं, आणि जाताना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्यायला न विसरणं. पहिल्याच भेटीत 'सगळं गुप्त राहील' असं छातीठोक सांगणारे विद्यार्थी मी पाहिलेत. अल्पवयीन मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मग त्या मुलाला काय तोंड दाखवणार?

आणि समुपदेशन मानसशास्त्राच्या नुसत्या एम.ए.वर भारतीय पुनर्वास परिषदेत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी होत नाही, हेही इन्स्टाग्रामवर पाटी लावण्याआधी वाचावं.

टीवाय_संपत_आलं
ताई, सुपरव्हिजनचा एक तास केवढ्याला पडतो ते धाग्यात कुठेच नाही :) आमच्याकडे अख्ख्या बॅचला एक मॅडम. एकेकाचं रेकॉर्डिंग ऐकायचं म्हटलं तर पुढची दिवाळी येईल. कोर्स स्वस्त पडतो म्हणून लोक कोर्स करतात, हौस म्हणून नाही.

मी सध्या चॅटबॉटला क्लायंट बनवून सराव करते. 'तू सासूवर चिडलेली, पण कबूल न करणारी सून हो' असं सांगायचं. लाज वाटत नाही, कुणाचं नुकसान होत नाही, आणि मागितला तर अभिप्रायही देतो.

चौथा_मजला
तो बॉट तुमच्यासमोर अर्धा मिनिट गप्प बसतो का? सेशनला न येता 'मॅडम, पाहुणे आले' असा मेसेज टाकतो का? विद्यार्थी फसतात ते शांततेत. तीन सेकंद झाले की काहीतरी बोलतातच.

दोडामार्ग
पैशाच्या मुद्द्यावर. आमच्या शेजारी गोव्यात 'संगाथ' या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने हे करून दाखवलंय. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ सेशन द्यायचे ते साधे स्थानिक समुपदेशक. मानसशास्त्राची पदवी नाही, थेरपीचा पूर्वानुभव नाही. ठरावीक काळाने एकत्र बसायचे, एकाचं रेकॉर्डिंग सगळे ऐकायचे आणि ठरलेल्या मोजपट्टीवर गुण द्यायचे. परिणाम २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले, आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा रुग्ण जास्त सुधारले. म्हणजे टीवायवाल्यांनी चौघांचा गट करावा, मॅडमची वाट बघू नये. आणि दोन वर्षांच्या एम.ए.चा एवढा बडेजाव कशाला, हेही विचारायला हरकत नाही.

चौथा_मजला
अर्धंच सांगितलंत. त्यांच्याकडे एकच आखीव पद्धत होती, मॅन्युअल होतं, निवड करून घेतलेली माणसं होती आणि मागे तज्ज्ञ उभे होते. चौघी मैत्रिणी हॉस्टेलच्या खोलीत क्लायंटचं रेकॉर्डिंग लावून 'अगं किती छान बोललीस' म्हणतील, त्याला सुपरव्हिजन म्हणत नाहीत. गोपनीयतेचा भंग म्हणतात.

पण अनुभवाने सगळं आपोआप येतं असं कुणी सांगत असेल तर तेही मानू नका. अमेरिकेतला २०१६ चा एक अभ्यास आहे, १७० थेरपिस्ट आणि ६,५९१ रुग्णांचा. वर्षं वाढली तशी सरासरी परिणामकारकता वाढली नाही, किंचित घसरलीच. काही जण मात्र सुधारत गेले.

खुर्चीच्या_पलीकडे
मी या धाग्यावरचा बहुधा एकटाच क्लायंट. एका मोफत केंद्रात विद्यार्थी समुपदेशकाकडे काही महिने जात होतो. पहिल्याच दिवशी कागद पुढे आला, 'शिकण्यासाठी रेकॉर्ड करू का?' मी हो म्हणालो. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला नाही कसं म्हणणार? घरच्या एका गोष्टीबद्दल मी शेवटपर्यंत बोललो नाही, कारण तो छोटा लाल दिवा.

मुलगा चांगला होता. त्याला जे सापडलं नाही, ते रेकॉर्डिंगमध्येही सापडलं नसणार, कारण मी ते बोललोच नाही. रानभूल, तुमच्या सासूबाईंच्या तुकड्यातल्या बाई कशावरून रेकॉर्डिंगमुळेच 'चांगल्याच आहेत' म्हणाल्या नसतील?

रानभूल
त्या तशाही म्हणाल्या असतील, नाकारता येत नाही. म्हणूनच परवानगी एकदा घेऊन भागत नाही. सुरुवातीला विचारायचं आणि सेशन संपल्यावर पुन्हा: 'आजचं ठेवू की पुसू?' नाही म्हटलं तर पुढची वेळ तीच राहते, हे तोंडी नाही तर कागदावर लिहून द्यायचं. मुलगा लाल दिव्याकडे तुमची नजर जाताना बघत असता आणि 'हा दिवा मध्ये येतोय का आपल्या?' असं विचारता, तर तेच ते प्रगत कौशल्य. त्याच्या सुपरव्हायजरने त्याला ते विचारायला शिकवायला हवं होतं. रेकॉर्डिंगच नको, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

खुर्चीच्या_पलीकडे
विचारलं असतं तरी मी 'नाही नाही, काही नाही' म्हणालो असतो. पहिल्या महिन्यात तरी.

टीवाय_संपत_आलं
मग रेकॉर्ड न करता? सेशन संपल्या संपल्या आठवून लिहायचं?

रानभूल
चालेल, पण पूर्ण सेशन नको. जिथे आपण अडखळलो तेवढी पाच मिनिटं. डाव्या बाजूला काय बोललं गेलं, उजव्या बाजूला त्या क्षणी माझ्या मनात काय होतं. आठवणीत आपण नेहमी जास्त हुशार असतो, तेवढी सूट धरून वाचायचं. नावगाव लिहायचं नाही आणि वही सुपरव्हायजरशिवाय कुणाच्या हातात द्यायची नाही. चौथा_मजला यांचा गोपनीयतेचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. विद्यार्थ्यांना थांबवून ठेवण्याचा नाही. धोका विचारायला जीभ अडखळते ना? तीही रेकॉर्डिंगमध्येच ऐकू येते.

चौथा_मजला
ती रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येईपर्यंत क्लायंट घरी गेलेला असतो. तो एकच प्रश्न वर्गात, रोल प्लेमध्ये, तोंडपाठ होईपर्यंत घोटून घ्या. तिथे तुमची सोयीची मैत्रीणही चालेल.

तालुक्याचा_माणूस
वहीचं जमण्यासारखं आहे, रेकॉर्डिंगचं नाही. पण आमच्याकडे दोन तासिकांच्या मध्ये दहा मिनिटं मिळतात आणि त्यात मुख्याध्यापकांना 'मुलाने काय सांगितलं' याचा रिपोर्ट हवा असतो. तो कसा न द्यावा, हे कुठल्या सेमिस्टरला शिकवतात? त्यावर कुणी वेगळा धागा काढणार असेल तर पहिला प्रतिसाद माझा.