सीएफ असलेल्या मुलीचं सायनस: नाक धुण्याबाबत मदत हवी आहे

मुलगी ७ वर्षांची, सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ, शरीरातले स्राव घट्ट-चिकट होण्याचा जन्मजात आजार) आहे. फुप्फुसांचं त्यामानाने बरं चाललंय, पण नाक कायम चोंदलेलं. तोंड उघडं टाकून झोपते, वास जवळजवळ येतच नाही. दुर्बिणीतून पाहिलं तर दोन्हीकडे पॉलिप (नाकाच्या अस्तराच्या मऊ गाठी). सीएफमध्ये चिकट शेंबूड सायनसमध्ये साचून राहतो आणि तिथले सुडोमोनाससारखे जंतू फुप्फुसात उतरू शकतात, म्हणून नाकाकडे दुर्लक्ष नको, असं डॉक्टरांनी बजावलंय.

सध्या रोज मिठाच्या पाण्याने नाक धुणं (पाणी उकळून गार केलेलंच) आणि मग स्टिरॉइडचा स्प्रे. खरी लढाई धुण्याचीच. बाटली दिसली की ही पलंगाखाली! कानात दडे बसतात म्हणते. पुढे वाकून 'आऽऽ' म्हणत राहिली तर निभतं, पण रोज कुठलं जमायला.

०.९ टक्क्यांवरून ३ टक्के मिठाच्या द्रावणावर कोणी गेलंय का? मुलांना फार चुरचुरलं का? पॉलिपचं ऑपरेशन केलेल्यांनी सांगा, पुन्हा किती काळाने वाढले? मॉड्युलेटर गोळ्यांनी (सीएफमधल्या सदोष प्रथिनाचं काम सुधारणारी औषधं) नाकात फरक पडला का? बदल डॉक्टरांना विचारूनच करणार आहोत, तेव्हा नुसतं 'डॉक्टरांना दाखवा' लिहू नका, प्लीज.