लांब पल्ल्याचं विमान आणि न सरणारे तास

आज टोकियो-लंडनचं तिकीट बघत होते, वेळ १४ तासांच्या वर दिसली आणि हात तिथेच थांबला. सरळ अंतर साधारण ९,६०० किमी, पूर्वी सैबेरियावरून १२-साडेबारा तासांत पोचायचो. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं, रशियावरून जाणारा तो रस्ता बंद, मग विमान उलट्या बाजूने अलास्का, ग्रीनलँड करत जायला लागलं. त्याच वर्षी ताईचं ऑपरेशन आणि मी त्या विमानात. समोरच्या स्क्रीनवर ते चिमुकलं विमान ग्रीनलँडच्या कडेला चिकटलेलं, मी डोळे मिटून शंभर आकडे मोजायचे, उघडले की तिथेच. उतरल्या उतरल्या फोन लावला तर ताईच म्हणते, झोपलीस का गं विमानात? तुमचेही अनुभव लिहा ना.

नभा: वाचून गलबललं गं. ताई आता बऱ्या आहेत ना?

पाऊलवाट: आमचं लंडन-न्यूयॉर्क, ५,५०० किमीच्या आसपास, जाताना आठ तास आणि येताना साडेसहा, मुलगा विचारतो बाबा परतीचा रस्ता जवळचा आहे का, तर रस्ता तोच रे, वर जेट स्ट्रीमचा वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो तो येताना पाठीशी असतो, फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यात एक विमान न्यूयॉर्कहून पाच तासांच्या आत लंडनला पोचलं होतं!

किनारा: लॉस एंजेलिसहून सिडनी. १३ ला रात्री बसलो, १५ ला सकाळी उतरलो. १४ ला आईचा साठावा वाढदिवस होता, तो आमच्यासाठी उजाडलाच नाही. पंधरा तासांचा प्रवास पण तारीख रेषेने (पॅसिफिकमधली ती रेषा पश्चिमेकडे जाताना ओलांडली की तारीख एक दिवस पुढे जाते) दिवस गिळला. अजून रुखरुख लागते.

नभा: अरेरे 😔 परत येताना तोच दिवस दोनदा मिळतो म्हणे, तेव्हा करायचा होता

किनारा: येताना आई बरोबर नव्हती ना.

दोरा_सुई: नकाशावर पट्टी ठेवून अंतर काढू नका प्लीज. माझ्याकडे जुना पृथ्वीगोल आहे, त्यावर लाल दोरा एका शहरापासून दुसऱ्यापर्यंत ताणून धरते. दोन्ही शहरं उत्तर गोलार्धात असली की दोरा बहुतेक वेळा आपोआप उत्तरेकडे सरकतो, तोच जवळचा रस्ता. भाचीला दाखवलं, तिने दोरा सोडलाच नाही तासभर.

चाकोरी: पाय सुजतात त्याचं काय करता? मला दहा तासांनंतर बूट चढत नाहीत

पाऊलवाट: घट्ट मोजे मिळतात गुडघ्यापर्यंतचे, ते घाला, आणि आइलची सीट घ्या म्हणजे सारखं उठता येतं

चाकोरी: पण मला खिडकीच लागते हो

मधलास्टॉप: सगळे थेट विमानाचं बोलताय. नेटवर अंतर टाकलं की १५ तास दाखवतं, आमचे नेहमी २६ होतात कारण मध्ये थांबा. बाबांना घेऊन जाताना तर दोन टर्मिनलमधली बस चुकली आणि पुढचं विमानही, बाबा आठ तास त्या बाकावर ताठ बसून, माझा हात थोपटत. तेव्हापासून दोन विमानांत चार तास ठेवतेच.

नभा: व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, खूप फरक पडतो

दोरा_सुई: धागाकर्ती, ताईंकडेच निघालीस का आता?

हो गं, तिच्याकडेच. नभा, ताई ठणठणीत आहे, भाचा झालाय! आत्ताच तिकीट काढलं. खिडकीचं.