नाश्ता टाळल्याने कॅलरी आटोक्यात राहतात का?

प्रश्न: रोजचं लक्ष्य १६०० कॅलरी आहे. नाश्ता बंद केला तर चालेल, की चयापचय मंदावतं?

उत्तर १: एक वेळ न खाल्ल्याने चयापचय मंदावत नाही. हिशोब दिवसभराच्या बेरजेचा. सकाळी ४०० वाचवल्या आणि संध्याकाळी चरताना ५०० गेल्या, तर उलटंच झालं! घोळ बहुधा तिथेच होतो, म्हणून संध्याकाळचं खाणं आधीच मोजून ठेवा.

उत्तर २: दोन्ही जेवणांत प्रत्येकी ३०-३५ ग्रॅम प्रथिनं बसवा, नाहीतर भूक आवरत नाही. चहा-कॉफीतली साखरही धरा. ४ ग्रॅमचा चमचा म्हणजे १६ कॅलरी.

उत्तर ३: मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाश्ता सोडू नका. रक्तातली साखर धोकादायक घसरू शकते.